भिंतीवरचा पासवर्ड

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडिलांनी उभ्या आयुष्यात कुठल्या ना कुठल्या लढ्याची पत्रकं वाटली. कधी मिठागरातल्या मजुरीची, कधी खाडीच्या बांधाची, कधी एसटीच्या थांब्याची. उरलेले गठ्ठे घरी यायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहायचो. पानाच्या एका बाजूला 'बंधूंनो, जागे व्हा' आणि दुसऱ्या बाजूला तेराचा पाढा. त्यामुळे असेल, पण एखादी गोष्ट पटली की तिचं पत्रक काढल्याशिवाय मला अजूनही चैन पडत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला लिनक्स पटलं.

मी पेणला कॉलेजात होतो. वर्गात जिते गावचा एक मित्र होता. घरी भात आणि वाल पिकवणारा, पण दुपारी पेणमधल्या एका कंप्युटरच्या दुकानात मशीन जोडायचं काम करणारा. एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी त्यानं माझ्याकडे फेकली. "घे, आमच्या दुकानात हिला कोण विचारत नाय. तुझ्यासारख्या माणसासाठीच काढलेली दिसते."

सीडीवर लिनक्स होतं, म्हणजे कंप्युटर चालवणारी अख्खी सिस्टीम. आत कसं काय केलंय ते सगळं उघडं. कोणीही वाचा, कोणीही बदला, कोणालाही द्या. मला वाटलं, हे तर कोणीतरी आमच्या वडिलांना विचारून केलंय. मित्राच्या दुकानात मात्र एकच विंडोजची सीडी शंभर मशीनवर चढायची. मी त्याला म्हणालो की तुमच्याकडे कुलूपही परक्याचं आणि चावीही चोरीची. तो म्हणाला, "गिऱ्हाईक दार उघडायला येतं. चावी कोणाची ते विचारायला नाय येत."

मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं आणि त्याच्याच दुकानातल्या विंडोजवर टाईप करून छापलं. हे त्यानं पुढं वर्षानुवर्षं मला ऐकवलं.

आमचं गाव धरमतर खाडीच्या काठाला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती, मध्ये मातीचा बांध. बांधाला ठिकठिकाणी उघाड्या आहेत, म्हणजे फळ्यांची दारं. भरतीला फळी खाली, म्हणजे खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटीला फळी वर, म्हणजे शेतात साठलेलं पाणी बाहेर पडतं. या उघाड्यांना कुलूप कधीच नव्हतं. बांधावरून जाणाऱ्या माणसाला आत पाणी तुंबलेलं दिसलं, आणि खाडी उतरलेली असली, की त्यानं थांबायचं आणि फळी उचलायची. शेत कोणाचं, पाळी कोणाची, असं विचारत बसायचं नाही. दिसलं त्यानं हात घालायचा. ज्यानं बघून दुर्लक्ष केलं त्याला गावात वर्षभर टोमणे.

त्याच सुमाराला गावातल्या वाचनालयाला एक कंप्युटर मिळाला. रोह्याच्या एका कारखान्यानं मोडीत काढलेला, आणि तिथे शिफ्टला जाणाऱ्या गावकऱ्यानं टेम्पोत टाकून आणलेला. सोबत एक प्रिंटर होता, वरचं झाकण नसलेला, छापताना गिरणीसारखा आवाज करणारा. कंप्युटरची डिस्क कोरी. तिच्यावर काय चढवायचं हे ठरवायला गावात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे चर्चा फार लांबली नाही.

मित्र जित्याहून सीडीचा ड्राइव्ह पिशवीत घालून आला. त्यानं ड्राइव्ह जोडला, मी लिनक्स चढवलं. तत्त्वाला धरून मी प्रत्येक प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे ज्यातून तो प्रोग्राम घडतो तो मूळ मजकूर, तोही डिस्कवर ओतला. लहानशी डिस्क जवळजवळ काठोकाठ भरली. मित्र म्हणाला, "हे सगळं वाचणार कोण?"

"हक्क असला पाहिजे."

"हक्क ठेव रे. जागा पण ठेव जरा."

मग मी वाचनालयाच्या भिंतीवर, जिथं रोजच्या बातम्या खडूनं लिहायच्या तिथंच खाली, कंप्युटरचा मुख्य पासवर्ड लिहिला. ज्याच्या हातात हा पासवर्ड त्याला मशीनवर काहीही करता येतं. माझं म्हणणं साधं होतं. मशीन गावाचं, मग पासवर्डही गावाचा.

मित्रानं भिंतीवरचं वाचलं. "पासवर्ड कोण भिंतीवर लिहितं?"

"आमच्या उघाडीला कुलूप नाही."

"उघाडीतून पाणी जातं. यातून सगळंच जाईल."

मी त्याला म्हणालो की तुम्ही डोंगराकडची माणसं, तुम्हाला बांध काय कळणार. तो हसला आणि ड्राइव्ह पिशवीत घालून गाडीला निघून गेला.

आता वहिनीचं सांगतो, कारण हे सगळं तिच्यामुळं लक्षात राहिलं.

माझा मोठा भाऊ धरमतरला मालाच्या बार्जवर कामाला होता. वहिनीनं लग्नाआधी पेणला इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि चांगली पास झाली होती. लग्नानंतर मात्र ती हंगामात आईबरोबर मिठागरावर जायची. रोह्याच्या एका कारखान्यात, माल पाठवायच्या ऑफिसात, टायपिस्टची एक जागा निघाली. अट अशी की परीक्षेला कंप्युटरवर पत्र टाईप करायचं, सेव्ह करायचं आणि छापून द्यायचं. टायपिंग तिच्या बोटांत होतं. कंप्युटरला तिनं कधी हात लावला नव्हता. कंप्युटरचा क्लास रोह्यापलीकडे, अष्टमीला. मिठागर सोडून रोज तिकडं जाणं जमण्यासारखं नव्हतं.

मी म्हणालो, "वहिनी, क्लास कशाला? मी शिकवतो. गावात मशीन आहे."

ती म्हणाली, "भावजी, उन्हात मीठ ओढून पायाला चिरा पडल्यात. मला पंख्याखाली बसून बोटं चालवायची हायत. शिकवाल ना नीट?"

मी शब्द दिला. म्हणजे तिची नोकरी माझ्या लिनक्सवर अवलंबून राहिली.

पहिल्या दिवशी मी तिला लिहायचा जो प्रोग्राम दिला तो जुन्या जाणत्यांचा होता, फार ताकदीचा. अडचण एवढीच की त्यात अक्षर उमटवण्याआधी एक बटण दाबून परवानगी घ्यावी लागते, आणि बाहेर पडायचं तर विशिष्ट चिन्हं विशिष्ट क्रमानं द्यावी लागतात. वहिनीनं पत्र छान टाईप केलं. मग तिला बाहेर पडता येईना. तिनं सगळी बटणं दाबून बघितली, पदर खोचला आणि सरळ भिंतीवरचा स्विच बंद केला.

"अगो, असं नाही करायचं," मी म्हणालो.

"मग भायेर पडायचं कसं?"

मी चिन्हं सांगितली. ती ऐकून घेत म्हणाली, "म्हंजे आत जायला परवानगी, भायेर यायला परवानगी. आणि तुमच्या पत्रकात लिवलंय स्वातंत्र्य."

मी तिला समजावलं की सुरुवातीला जड जातं, पण एकदा हात बसला की याच्यासारखं दुसरं नाही. थोडा त्रास सोसल्याशिवाय कुठलंही स्वातंत्र्य मिळत नाही, असंही बोललो.

"त्रास सोसायला मिठागर हाय की. हितं मला पत्र लिवायचंय. तुमच्या मशीनमधलं काय पण बदलता येतं ना?"

"येतं."

"मग बदला."

हे माझ्याच पत्रकातलं वाक्य होतं. डिस्कवर दुसरा एक साधा लिहायचा प्रोग्रामही चढवलेला होता. कुठलं बटण कशाला ते खाली पडद्यावरच लिहिलेलं. मी तो सुरू करून दिला. मग तिनं विचारलं की हे हुकूम इंग्रजीतच का द्यायचे. लिनक्समध्ये हुकुमांना आपली नावं देता येतात. पडद्यावर मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून आम्ही रोमन लिपीतच नावं ठेवली. लिहायला बसायचं तर 'lihi'. छापायचं तर 'chhap'. निघायचं तर 'nigh'. वाचनालयात येणारी मंडळी हे बघायला जमली. पडद्यावर 'nigh' टाईप केलं की मशीन खरंच निघायचं, ह्याचं सगळ्यांना इतकं हसू यायचं की कोणी ना कोणी नुसतं तेवढ्यासाठी येऊन बसायचं.

वहिनी मिठागरावरून आली की अंघोळ करून वाचनालयात जायची आणि पत्रांवर पत्रं टाईप करायची. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' हे वाक्य तिनं इतक्यांदा छापलं की दादा घरात काही मागायचा झाला तर तेवढंच म्हणायचा. तो प्रिंटर कागद हटकून अडकवायचा. झाकण नसल्यामुळे आतलं सगळं दिसायचं, त्यामुळे वहिनी कोणाला न विचारता हात घालायची, चाक मागं फिरवायची, कागद सरळ करायची आणि पुढं जायची.

परीक्षा चार दिवसांवर आली. त्या दिवशी दादा बार्जवरून लवकर सुटला होता. वहिनीला न्यायला म्हणून तो वाचनालयात गेला. ती अजून आली नव्हती. कोणीतरी मशीन चालू ठेवून गेलेलं, आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ, की डिस्क भरली, जागा शिल्लक नाही.

दादा बांधावर वाढलेला माणूस. आत तुंबलंय आणि आपण समोर उभे आहोत. त्यानं भिंतीवरचा पासवर्ड बघून टाईप केला. कोणी किती जागा घेतलीय ते कसं बघायचं आणि नको ते कसं काढायचं, हे मीच एका रविवारी सगळ्यांना शिकवलेलं. त्यानं बघितलं. एकट्या 'usr' नावाच्या कप्प्यानं सगळ्यात जास्त जागा अडवली होती. त्यानं तो काढून टाकला.

मी पेणहून आलो तेव्हा तो वाचनालयाच्या पायरीवर खुशीत बसला होता.

"काठोकाठ भरलं व्हतं," तो म्हणाला. "केलं मोकळं. तो यूएसआर कोण हाय रे? एकट्यानंच सगळं अडवून बसलेला. गावातला तर नाय."

त्या कप्प्यात माझा तो सगळा सोर्स कोड होता, आणि त्याच्याच शेजारी मशीनचे बहुतेक सगळे प्रोग्राम.

वहिनी आली. तिनं 'lihi' टाईप केलं. मशीन म्हणालं, असा हुकूम सापडत नाही. 'chhap' टाईप केलं. तेही सापडेना. तिची सगळी पत्रं दुसऱ्या कप्प्यात जशीच्या तशी होती, फक्त लिहायला आणि छापायला काही उरलं नव्हतं. मी शोधाशोध केली. लिहायचा एकच प्रोग्राम वाचला होता. तोच, ज्यातून बाहेर पडता येत नाही.

वहिनीनं भिंतीवरचा स्विच बंद केला. मग दादाकडे वळून म्हणाली, "विथ रेफरन्स टू युवर लेटर, तुमी आता घरी चला."

दादाला काय झालं ते मी समजावलं. वाटेत तो वहिनीला एवढंच म्हणाला, "मी काय चूक केली? भरलेलं दिसलं. तसंच ठेवून निघून आलो असतो तर तूच बोलली असतीस." त्यात खोटं काहीच नव्हतं. भावाला मी उघाडी शिकवली नव्हती, उघाडीनं त्याला घडवलं होतं. मी फक्त मशीनलाही उघाडी समजायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेणला मित्राला गाठलं. त्याला हसू आवरेना, पण मदतीला तयार झाला. "ड्राइव्ह घेऊन येतो. विंडोज चढवू. रोह्याला परीक्षेत तीच असणार. चोरीची म्हणून तू जीव देऊ नको, वहिनीची नोकरी बघ."

मी म्हणालो की गावाच्या मशीनवर चोरी चढणार नाही. तो म्हणाला की मग वहिनीचं काय. आम्ही भांडलो. मला आजही वाटतं की माझं म्हणणं बरोबर होतं. पण परीक्षा माझी नव्हती, हेही तेवढंच बरोबर होतं. संध्याकाळी घरी येऊन मी वहिनीलाच विचारलं.

तिनं आमच्या दोघांच्या भांडणाला हातच घातला नाही. "रोह्याला मला काय दिसणार हाय, ते आधी एकदा दाखवा. गावातल्या मशीनचं नंतर बघू."

मित्राच्या ओळखीनं अष्टमीच्या क्लासमध्ये एक दुपार मिळाली. वहिनीनं मिठागरावर खाडा केला. पेणहून गाडी पकडून आम्ही रोह्याला उतरलो, पूल ओलांडून अष्टमीत गेलो. दारातून बघितलं तर सगळ्या मशीनवर विंडोज, आणि एकाच सीडीवरून चढवलेली, हे मित्रानंच सांगितलेलं. मी उंबऱ्यावर थांबलो.

"या की आत," वहिनी म्हणाली.

"मी अशा ठिकाणी बसणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं. तुमी भायेर उभे राहा तुमच्या तत्त्वासंगती. मी आत जाते माझ्या कामासंगती."

मी पुलावर जाऊन उभा राहिलो. कुंडलिका नदीला भरती होती. एका बाजूनं कारखान्यांतून सुटलेले लोक सायकली ढकलत येत होते. मी भजी घेतली, खाल्ली, पुन्हा घेतली. नव्या पत्रकाचा मसुदा डोक्यात जुळवत होतो, पण पहिल्याच ओळीत अडकलो. 'मित्रहो, ज्या यंत्राचं अंतरंग तुम्हाला पाहता येत नाही, ते यंत्र तुमचं नाही' इथपर्यंत ठीक होतं. पुढं मनात वहिनीचा आवाज येई, 'आणि ज्यातून भायेर पडता येत नाय ते?'

ती आली तेव्हा चेहरा खुललेला. "सोपं हाय वो. उंदीर फिरवायचा, चित्रावर टिचकी मारायची. पत्र लिवलं, ठेवलं, छापलं. एक मात्र हाय. ते नावं बदलू देत नाय. मास्तरला विचारलं, ते बोलले, असं कोण करतं का."

"बघ," मी म्हणालो.

"बघितलं. चांगलं बी बघितलं. आता हितली भजी द्या."

येताना गाडीत, कासूच्या आसपास कुठंतरी, तिनं गावातल्या मशीनचं ठरवून टाकलं. लिनक्सच राहू दे, म्हणाली. पण सोर्स कोड सीडीवर ठेवायचा, डिस्कवर नाही. ज्याला वाचायचाय त्यानं सीडी मागावी. बाहेर पडता येत नाही तो प्रोग्राम कोणाला पहिल्या दिवशी दाखवायचा नाही. आणि भिंतीवरचा पासवर्ड पुसायचा.

शेवटच्या अटीला मी हट्टाला पेटलो. "मग मशीन कोणाचं? चावी एकाकडे आली की मशीनही त्याचंच झालं."

"बांध सगळ्यांचा हाय ना? पण आतली शेतं ज्याची त्याची. कोण कोणाच्या भातात जाऊन कापणी करत नाय. तसं करा. ज्याला त्याला आपला कप्पा, आपला पासवर्ड. आणि मोठा पासवर्ड पाळीनं. पावसात बांधावर राखणीला घरटी एक माणूस जातो, तसा आठवड्याला एक माणूस."

लिनक्समध्ये हे सगळं पहिल्यापासून होतं. प्रत्येकाचा कप्पा, प्रत्येकाचा पासवर्ड. माझ्या तत्त्वात ते बसत नव्हतं म्हणून मी वापरलं नव्हतं.

मित्र ड्राइव्ह घेऊन आला. आम्ही पुन्हा लिनक्स चढवलं, तिच्या अटींसकट. दादानं स्वतः ओलं फडकं घेऊन भिंत पुसली आणि पहिल्या आठवड्याची पाळी मागून घेतली. वहिनी म्हणाली, "नको. तुमचा नंबर शेवटी." उरलेल्या एका संध्याकाळी तिनं पुन्हा 'lihi' आणि 'chhap' करून बोटं मोकळी केली.

परीक्षेला मी रोह्याला तिच्यासोबत गेलो. कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून होतो. आत काय झालं ते तिनं नंतर सांगितलं.

परीक्षेला बऱ्याच जणी होत्या. पत्र सगळ्यांनीच टाईप केलं. काहींचं वहिनीपेक्षा लवकर झालं, क्लास केलेल्या त्या. छापायला एकच प्रिंटर. पहिल्याच बाईचा कागद अडकला. ती साहेबांना शोधायला गेली. साहेब म्हणाले, कोणी हात लावू नका, माणूस येईल. सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. प्रिंटर आमच्या वाचनालयातल्यासारखाच, फक्त ह्याला झाकण होतं. वहिनीनं थोडा वेळ वाट बघितली, मग झाकण उचललं, चाक मागं फिरवलं, कागद सरळ केला, झाकण लावलं. छपाई सुरू झाली. साहेबांनी विचारलं, हात कोणी लावला.

"मी बोलले, मी," वहिनी सांगत होती. "ते बोलले, विचारलं का नाय? मी बोलले, अडकलेलं दिसलं."

"मग?"

"मग काय नाय. बाकीच्या सगळ्यांची पत्रं मलाच छापायला लावली."

नोकरी तिला लागली. प्रिंटरमुळं लागली की टायपिंगमुळं, हे मला माहीत नाही. मिठागर सुटलं एवढं खरं. ती सकाळच्या गाडीनं रोह्याला जायला लागली आणि पायाच्या चिरा हळूहळू भरल्या.

पहिल्या शनिवारी ती घरी आली ती तक्रारी घेऊनच. पंखा आहे, खुर्ची आहे, मशीन झकास आहे. पण मशीनचं घड्याळ मागं पडलंय आणि ते पुढं करायचा पासवर्ड तिला देत नाहीत. साहेबांना सांगावं लागतं, साहेब दुसऱ्या साहेबांना सांगतात. "चार दिस झाले, भावजी. समोर दिसतंय चुकलेलं आणि हात लावायचा नाय. बोटं शिवशिवतात."

मी म्हणालो की ह्याच्यावर तर मी पत्रकच काढणार आहे.

"काढा. पण भायेर पडायचं बटण कुठं हाय ते पण त्यात लिवा." मग तिनं चपला पायात सरकवल्या. "मोठा पासवर्ड ह्या आठवड्याला कोणाकडं हाय?"

"तुझ्याकडं. आजपासून तुझी पाळी."

"मग आधी नाय का सांगायचं," ती म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून वाचनालयाकडे निघाली.